उलटी पट्टी

खंडूनाना साळवींनी ओमकारच्या गेममधला शिपाई पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो वाळूत मरून पडला होता. मेलेल्याचं माणूस आधी तोंड बघतो. नानांनी पाय बघितले आणि दारातूनच म्हणाले, "ह्याची पट्टी उलटी हाय."

"कसली पट्टी?" ओमकारने मान वळवून विचारलं.

त्या घरात ही मोठीच घटना होती. नानांचा एकुलता एक मुलगा सागर, म्हणजे ओमकारचे बाबा, जाऊन दोन वर्षं होत आली होती. पहाटेपासून कामाला जुंपून घेणारा धडधाकट माणूस एका संध्याकाळी पडवीत बसल्या बसल्या गेला. तेव्हापासून हा कॉलेजात जाणारा नातू "हो", "नको" आणि "ठेव तिथे" एवढ्या भांडवलावर घरात राहत होता. गेल्या सर्वपित्री अमावास्येला बापाच्या नावाचं पान वाढायला मुलाने यायचं, तर तो खोलीला आतून कडी लावून बसला. शेवटी ते पान नानांनी वाढलं. बापाने मुलाचं पान वाढायचं म्हणजे काय, हे ज्याच्यावर वेळ येते त्यालाच ठाऊक. त्या दिवसापासून नानांच्या मनाने धास्ती घेतली होती, की सागर गेला तो गेलाच, पण हा पोरगासुद्धा डोळ्यांदेखत हातचा चाललाय. सून मनिषा जिल्हा परिषदेत नोकरीला होती. तिने रडायचं ते आधीच रडून घेतलं होतं, आता ती फक्त डबा भरायची आणि कामाला जायची.

तेव्हा "कसली पट्टी" हे दोन शब्द ऐकून नाना घाईघाईने आत आले आणि कोणी हाकलायच्या आत पलंगावर बसले.

पूर्वीच्या शिपायांच्या पोटरीला लोकरी कापडाची लांब पट्टी गुंडाळलेली असायची, तिच्याबद्दल ते बोलत होते. नानांचे आजोबा गंगाराम पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले होते. वाडीत साळव्यांना अजून 'बसरेकर' म्हणतात ते त्यामुळे. नाना लहान असताना आजोबांनी फाटक्या धोतराची पट्टी करून ती त्यांच्या काटकुळ्या पायावर कशी बांधायची ते शिकवलं होतं. गुडघ्याखाली सुरुवात करायची, वेढे घेत खाली यायचं आणि घोट्याशी गाठ मारायची. ओमकारचा गेमही त्याच युद्धाचा होता, पण त्यातला शिपाई घोट्यापासून सुरू करून गुडघ्याशी गाठ मारून बसला होता.

"आणि ही खाकी नाय," नाना म्हणाले. "हा शेवाळी रंग हाय."

खाकीच्या बाबतीत नानांना बोलायचा अधिकार होता. एसटीत कंडक्टर म्हणून चिकटले आणि स्टँडवर कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले. उभा जन्म खाकीत गेला. त्या संध्याकाळपासून चहा झाला की नाना ओमकारच्या खोलीत जाऊन बसू लागले. शिपायाच्या शर्टाला वाळवंटात इस्त्री कशी राहते, पाठीवर घामाचा डाग का नाही, काडतुसांचा पट्टा एवढा भरलेला असून हा उड्या कशा मारतो, अशा एकेक शंका निघत. एकदा तर त्यांनी विचारलं, की सकाळपासून हा पळतोय, पण जेवतो कधी? ओमकार म्हणाला, गेममध्ये भूक नसते. नानांना ते अजिबात पटलं नाही.

ओमकार हेडफोन लावत नसे. त्यामुळे बंदुकांचा आवाज घरभर व्हायचा आणि नानांचा आवाज गेमभर जायचा. त्यातूनच पुढचा घोटाळा झाला. ओमकारच्या टोळीत साताऱ्याचे दोघे आणि नागपूरचा एक असे तीन मुलगे होते. गेममध्ये जखमेवर बांधायचं बँडेज मिळतं, त्याला ही मुलं पट्टी म्हणत. एके दिवशी लढाई ऐन रंगात असताना शेजारच्या शिपायाचे पाय नानांच्या नजरेस पडले आणि त्यांना राहवलं नाही.

"पट्टी सोड आधी! सगळ्यांनी पट्टी सोडा!" नाना ओरडले. स्टँडवर त्यांचा हा आवाज भोंग्याशिवाय शेवटच्या फलाटापर्यंत जात असे. मुलांना वाटलं काही तरी डाव आहे. तिघांनीही जवळची सगळी बँडेजं जमिनीवर टाकून दिली. पुढच्या क्षणाला शत्रू आला आणि टोळीच्या टोळी बिनपट्टीची मेली.

"भाऊ, हे कोण होते?" नागपूरच्या मुलाने विचारलं.

"माझे आजोबा," ओमकार म्हणाला. बोलताना त्याचे ओठ एका बाजूला जरासे हलले. नानांनी ते पाहिलं आणि रात्री जेवताना मनिषाला दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून टोळीला नाना हवेच झाले. मुलांचं म्हणणं पडलं, की नानांनी पट्टी बांधून दाखवावी, आपण व्हिडिओ काढू आणि गेमवाल्यांची चूक जगाला दाखवू. ओमकारने आपणहून मोबाइल हातात घेतला. नानांनी मनिषाची गुडघ्याला बांधायची पट्टी घेतली, पाय खुर्चीवर ठेवला आणि वरून खाली बांधून दाखवली. "माझ्या आज्यानं मला शिकवलान ती ही अशी. अशी पट्टी बांधून तो पलटणीबरोबर संगीन रोखून धावला. त्याचा जोडीदार हिरा तिथंच गेला. आमी अजून त्याला पान वाढतो."

हे अगदी खरं होतं. सर्वपित्रीला सगळ्या पितरांची पानं वाढून झाली, की साळव्यांच्या घरी एक पान हिराचं वाढलं जाई. ती रीत गंगारामांनी घातली होती. हिरा कोण म्हणून विचारलं, तर ते "हिराला आमी खाल्ला" एवढंच बोलत आणि उठून बाहेर जात. आपल्याकडे एखाद्याच्या मरणाचं खापर ज्याच्यावर फुटतं, त्याने त्याला 'खाल्लं' म्हणतात. सागरच्या दहाव्याला त्याच्या आत्याने मनिषाकडे बघत "नवऱ्याला खाल्लंन" म्हटलं होतं. घरातल्या सगळ्यांनी ते ऐकलं आणि कोणीच काही बोललं नाही. तेव्हा गंगारामांच्या बोलण्याचा अर्थ साळव्यांच्या तीन पिढ्यांनी सरळ लावला होता. जोडीदाराला वाचवता आलं नाही, ते दुःख म्हाताऱ्याने जन्मभर उराशी धरलं. बाकी संगिनीची गोष्ट नानांच्या वडिलांकडून आलेली होती, आणि तीत गंगाराम दर शिमग्याला दोन पावलं पुढे धावत.

व्हिडिओ सुटला तो सुटलाच. कोकणी जवानाचा अपमान झाल्याचं पुण्यामुंबईच्या लोकांना रत्नागिरीच्या आधी कळलं. मग ग्रामस्थ मंडळाचे अध्यक्ष दादू मयेकर जागे झाले आणि सत्कार ठरवून मोकळे झाले. हॉल घेतला, कुठल्याशा माजी सभापतींना बोलावलं, बटाटेवड्यांची ऑर्डर गेली. गंगारामांचा फोटो काही कोणाकडे नव्हता. दादूने त्यावरही तोड काढली. गेममधलाच शिपाई उचलला, त्याला मिशा लावल्या आणि चौकात फ्लेक्स चढवला: 'वीर गंगाराम साळवी व हुतात्मा हिराजी यांना मानवंदना'. ज्या पट्टीसाठी एवढं रामायण झालं, तीच उलटी पट्टी बांधून गंगाराम चौकात उभे होते. नानांनी दादूला ते दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "नाना, खाली एवढं कोण बगतंय?" खाली संपर्कासाठी नानांचा नंबरही छापला होता.

त्याच नंबरवर सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी फोन आला. नानांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून ओमकारने तो स्पीकरवर टाकून दिला. पलीकडे साताऱ्याकडचे फौजेतले एक निवृत्त दफेदार होते, आडनाव जगदाळे. नातीने त्यांना तो व्हिडिओ दाखवला होता आणि फ्लेक्सचा फोटोही.

"साळवीसाहेब, बांधणी एक नंबर. पण गेमवाल्यांचं बरोबर हाय बरं का. पायदळाची पट्टी खालनं वर. वरनं खाली बांधायची ती आमची, घोडेस्वारांची. गुडघ्याला गाठ आली, तर ती जनावराच्या अंगाला घासती."

 नानांचा चेहरा उजळला. पायदळापेक्षा घोडदळ केव्हाही वरचं. "म्हणजे आजोबा स्वार होते?"

"स्वार, नायतर खेचरवाले. त्यांची बांधणी आमच्यासारखीच. ते घोड्याबद्दल काय बोलायचे का?"

नाना म्हणाले, घोड्याबद्दल कधीच नाही. फक्त हिराबद्दल. पलीकडून दफेदारांनी जरा अडखळत विचारलं, की हिरा कोण. जोडीदार, नाना म्हणाले, बसऱ्याला गेला.

"कसा गेला?"

"ते सांगत नसत. म्हणायचे, हिराला आमी खाल्ला."

 मग दफेदारांचा आवाज आला, पण आधीची ऐट त्यात नव्हती. "साळवीसाहेब, खेचरांना आम्ही हिरा, मोती अशीच नावं ठेवतो. बसऱ्याच्या वर नदीकाठाला आपली फौज वेढ्यात अडकली होती. धान्य संपलं. पार शेवटाला घोडी आणि खेचरं कापून खाल्ली. तुमचे आजोबा खरं तेच सांगत होते."

त्यांनी आणखीही दोन बरे शब्द बोलून फोन ठेवला. नाना मोबाइल हातात धरून तसेच बसले. शंभर वर्षं साळव्यांच्या घरात एका खेचराला वडे आणि खीर वाढली जात होती. एरवी कोणी ही गोष्ट सांगितली असती, तर नाना पोट धरून हसले असते. पण त्यांना डोळ्यांसमोर आजोबा दिसत होते, "आमी खाल्ला" म्हणून बाहेर जाऊन उभे राहणारे. घरातल्या एवढ्या माणसांत एकालाही त्यांचं साधं वाक्य कळलं नव्हतं, आणि त्यांनी ते पुन्हा समजावून सांगितलं नव्हतं. नानांना फार वाईट वाटलं.

"म्हणजे खरंच खाल्लं," ओमकार म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो उठून खोलीत गेला आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

 चहा झाला, दिवेलागण झाली, पण आतून एक गोळी सुटल्याचं ऐकू आलं नाही. नानांनी दारावर टकटक केली, तर "नको" असं उत्तर आलं. पुन्हा तेच भांडवल. पट्टीच्या नादाने पोरगा दाराबाहेर आला होता आणि पट्टीनेच त्याला परत आत घातला, असं नानांना वाटून गेलं. आता स्टेजवर जाऊन संगिनीची गोष्ट सांगावी, तर नातवाला ठाऊक की म्हातारा खोटं बोलतोय. खरं सांगावं, तर उद्यापासून बसरेकरांचे खेचरवाले होणार. त्यांनी दादूला फोन लावून सत्कार रद्द करायला सांगितलं. दादू म्हणाला वडे सांगून झालेत, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला होता. मनिषा मागच्या रांगेत बसली होती आणि ओमकारला तिने कसं कोण जाणे, बरोबर आणलं होतं. तो जमिनीकडे बघत होता. माजी सभापतींचं भाषण झालं आणि माइक नानांच्या हातात आला. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावं," नाना म्हणाले. तोंडातून गेलं ते गेलं. लोक हसले, आणि त्या हसण्यात नानांची भीती थोडी कमी झाली.

मग त्यांनी सरळ सांगायला सुरुवात केली. गेमवाल्यांची काही चूक नाही, चूक आपली आहे. आजोबा संगीन घेऊन धावले नाहीत, ते खेचरं हाकत होते. त्यांनी आयुष्यात खोटं सांगितलं नाही, आम्हीच नीट ऐकलं नाही. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. दादू मयेकर या वेळी स्टेजच्या कडेला फोनवर वड्यांच्या पाठी लागला होता. "आणि हिराजी," नाना शेवटी म्हणाले, "हे खेचर."

एवढं शेवटचं वाक्य दादूच्या कानावर पडलं. अध्यक्षाने गहिवराच्या वेळी मागे राहायचं नसतं. त्याने धावत येऊन माइक घेतला. "हुतात्मा हिराजी खेचर यांना आपण सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहूया."

माणसं उभी राहिली. ज्यांना कळलं तीही राहिली, कारण बाकीची उभी होती. माजी सभापतींनी डोळे मिटले. पहिल्या रांगेतल्या सावित्रीकाकूंनी शेजारणीला हळूच विचारलं, की हे खेचर म्हणजे लांज्याकडचे काय? सगळा हॉल एका जनावरासाठी मान खाली घालून उभा होता. नानांच्या मनात आलं, की आजोबांना हे आवडलं असतं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून हसण्याचा आवाज आला. आधी दाबलेला, मग न आवरणारा. ओमकार खांदे हलवत हसत होता. लोक मान न उचलता डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघू लागले. नानांना दोन वर्षांनी तो आवाज ऐकून इतकं बरं वाटलं, की तो हसण्यातून कधी रडण्यावर गेला ते त्यांना कळलंच नाही. ओमकार खुर्च्या ढकलत बाहेर पळाला. नाना श्रद्धांजली अर्धी सोडून स्टेजवरून उतरले.

तो हॉलच्या मागे पायरीवर बसला होता. नाना गुडघे धरत शेजारी टेकले. 

"नाना," तो म्हणाला, "मी बाबांना खाल्लं."

नाना त्याच्याकडे वळून बसले.

"त्यांनी पडवीतनं हाक मारली. दोनदा. मी आलो म्हटलं नि नाय गेलो. कानाला हेडफोन होते. खेळ संपवून बाहेर आलो, तर ते..." त्याने शर्टाच्या बाहीला नाक पुसलं. "बाबांची आत्या आईला बोलली. आई गप्प राहिली. मी पण गप्प राहिलो. आईनं नाय खाल्लं, मी खाल्लं."

 हा हाकेसरशी उठला असता तर, हा विचार नानांच्याही मनात आला. तो त्यांनी झटकला नाही. येऊ दिला, सागरचा चेहरा डोळ्यांपुढे येऊ दिला. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, की कोणी उशाशी बसून असतं, तरी काही करता आलं नसतं. ते त्यांनी आता ओमकारला सांगितलं. पण हे सांगून भागणार नाही, हेही त्यांना दिसत होतं. पोराने दोन वर्षं दुसरंच काही ऐकलं होतं.

"मेल्या," ते म्हणाले, "आपल्या घराण्यात खाल्लान तो एकट्या गंगारामानं. तोपण उपाशी होता म्हणून. तू कोणाला खाल्लं नायस."

ओमकारने मान वर केली.

"आणि त्यानं पुढं काय केलान? घरी आला, लगीन केलान, पोरं झाली, मला पट्टी शिकवलान. वर्षातनं एकदा हिराला पान वाढलान आणि बाहेर जाऊन रडलान. तू पान वाढलं नायस आणि आजवर रडला पण नायस. तेवढंच काय ते राहिलंय बग."

ओमकारने मान गुडघ्यांत घातली. नानांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आता आपलं रडं आवरायची काही गरज नाही असं वाटून तेही रडू लागले. आत टाळ्या वाजत होत्या, बहुतेक माजी सभापतींसाठी.

बऱ्याच वेळाने ओमकार म्हणाला, "ह्या वर्षी पानं मी वाढीन. बाबांच्या पानात काय वाढायचं?"

"खीर, वडे, भाजी," नाना म्हणाले.

"त्यांना खीर आवडायची नाय."

हे मागून मनिषा म्हणाली. ती हातात दोन कागदी बशा घेऊन दारात उभी होती. कधीपासून, ते तिने सांगितलं नाही, पण तिचे डोळे लाल झाले होते. "त्यांना सुक्या बोंबलाची चटणी लागायची. तीच वाढूया."

"अगो, पितरांच्या पानात बोंबील चालत नाय," नाना सवयीने म्हणाले.

"शंभर वर्षं खेचर चाललं, मग बोंबील का नाय चालायचा?"

 मनिषा दोघांच्या मध्ये पायरीवर बसली. एक बशी तिने सासऱ्यांना दिली आणि दुसरी मुलाच्या मांडीवर ठेवली. त्याचे केस कपाळावरून मागे सारले.

"वडा गार झालाय," ती म्हणाली. "खा."